एकोचा डबा आणि कुशाबाचा शब्द

शंतनू सुखठणकरने कुशाबा घाडीला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा कुशाबा त्याचा ॲम्प खात होता.

निदान शंतनूची समजूत तशीच आहे. गेली तीस वर्षं ही हकिकत सांगताना तो दरवर्षी कुशाबाच्या तोंडात ॲम्पचा थोडा थोडा जास्त भाग घालत आलेला आहे. स्थळ काळाचौकी, गणेशोत्सवाचा सातवा दिवस, वेळ दिवेलागणीची. स्टेजवर ऑर्केस्ट्रा, आणि समोर गर्दी अशी, की कुणाची चप्पल निसटली तर ती थेट विसर्जनालाच हाती लागावी. बावीस वर्षांचा शंतनू, गिरगावातून येताना आईने 'हा घालू नकोस' म्हणून बजावलेला चकचकीत शर्ट घालून गिटार छेडायला उभा राहिला, आणि पहिल्याच गाण्यात ॲम्पने मान टाकली. नुसती टाकली नाही. जाताना त्याने असा काही टाहो फोडला, की पुढच्या रांगेतल्या दोन आज्यांनी गणपतीकडे पाहून कान पकडले.

"घाडीक बोलवा!" मंडळाचा सेक्रेटरी ओरडला. गर्दीने तीच हाक मागे नेली, तिथून ती नाक्यावर गेली, आणि पाच मिनिटांत गर्दी दुभंगली. त्या फटीतून एक सव्वापाच फुटी माणूस चालत आला. शंतनूच्या कथनात ही उंची अलीकडे साडेचार फुटांवर आली आहे. खाकी अर्धी चड्डी, बनियन असं की भोकं मोजावीत की कापड, आणि दरोडेखोराने सुरा धरावा तसा दातांत आडवा धरलेला हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. तो कुणाशी बोलला नाही. ॲम्पपाशी बसला, मागची फळी काढली, स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत गच्च धरली, टोक ॲम्पच्या पत्र्यावर टेकवलं, डोळे मिटले आणि तसाच राहिला. पाठीमागून पाहणाऱ्याला दिसत होतं ते एवढंच, की एक माणूस गुडघ्यांवर बसून ॲम्पच्या पोटात तोंड घालून बसला आहे.

"अहो! अहो, काय करताय? माझा आहे तो!" शंतनू किंचाळला.

"गप रव," दात न उघडता आतून आवाज आला. "माका ऐकू दे."

मग त्याने एका तारेला कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांत बघावं तसं निरखून पाहिलं, खिशातून डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, इस्त्री काढली, ती तापवून एक डाग दिला, आणि ॲम्प जन्मल्यासारखा बोलू लागला. आज्यांनी कान सोडले. कुशाबा उठला, शंतनूच्या शर्टाकडे पाहून त्याने डोळे किलकिले केले आणि म्हणाला, "मास्तर, परत बिघाडलो तर माझ्याकडे घेवन ये. बिघडाचो नाय म्हणा."

तो बिघडला नाही. नंतर दुसऱ्या तक्रारींसाठी शंतनू त्याच्याकडे जात राहिला, पण केलेलं काम कधी उलटलं नाही.

आता दातांनी ऐकण्याचं कारण. कुशाबाने आपले कान गिरणीला देऊन टाकले होते. अठराव्या वर्षी तो देवगडहून आला आणि साळखात्यात लागला. शेकडो माग एकाच वेळी धडधडतात असं ते खातं. तिथे माणसं ओठ बघून बोलायची आणि हात करून भांडायची. अकरा वर्षांनी संप झाला. गिरणीने कुशाबाला बाहेर ठेवलं आणि कान आत ठेवून घेतले. पुढे परळच्या एका रेडिओवाल्याकडे त्याने डाग द्यायचं शिकून घेतलं आणि आवाजाच्या धंद्यात पडला. आंधळ्याने चष्म्याचं दुकान काढावं तसलाच हा प्रकार, असं चाळीतले लोक म्हणायचे. पण कुशाबाने शोधून काढलं होतं, की जे कानांतून जात नाही ते दातांतून जातं. आंबेवाल्याने नुसत्या वासावर पेटी ओळखावी तसा तो दातांवर बिघाड ओळखायचा. कोणता स्पीकर फाटलाय, कोणता वाल्व्ह म्हातारा झालाय, कुठला डाग कच्चा आहे. बेंजो पार्ट्या, भजनी मंडळं, ऑर्केस्ट्रावाले, सगळे त्याच्याकडे यायचे.

दुकान चाळीच्या जिन्याखाली. आत शिरताना प्रत्येकाला वाकावं लागे, त्यामुळे येणारा गिऱ्हाईक आहे की नमस्काराला आला आहे हे पटकन कळत नसे. दारावर पाटी होती: 'घाडी साउंड. नग उलटून येत नाही.' दुरुस्त केलेली वस्तू त्याच तक्रारीसाठी परत येणं, याला त्या धंद्यात उलटून येणं म्हणतात. कुशाबाकडे छत्तीस वर्षांत एकही आली नव्हती.

दुकानाच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, त्याची खोली. तिथे त्याची बायको सुभद्रा. कान नसलेल्या माणसाशी संसार करायचा म्हणून सुभद्राकाकीने लग्नानंतर जो आवाज कमावला होता, त्याला गिरणगावात तोड नव्हती. ती गॅलरीत येऊन "जेवूक येवा!" म्हणाली, की शेजारच्या दोन्ही चाळींतले पुरुष हात धुवायचे. तिने कुशाबाला मीठ आणायला सांगितलं, तर करी रोडच्या वाण्याने पुडी बांधायला घ्यावी. चाळीतल्या मुलांना वेगळं घड्याळ नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती अशी बोलत होती, आणि कुशाबाला त्यातलं निम्मं ऐकू येत होतं, जे बहुतेक नवऱ्यांपेक्षा जास्तच म्हणायचं.

गेल्या वर्षी जुलैमध्ये शंतनूचा ॲम्प खडखडायला लागला.

गिटारच्या ॲम्पमध्ये तळाशी एक लांबट पत्र्याचा डबा असतो. त्यात स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. गिटारचा आवाज त्या स्प्रिंगांतून फिरून बाहेर येतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीतली गिटारही गाभाऱ्यात वाजल्यासारखी घुमते. कंपनीवाले त्याला रिव्हर्ब टँक म्हणतात, लालबाग-परळमध्ये त्याला एकोचा डबा म्हणतात. शंतनूने जाड तार छेडली की हा डबा, स्टीलच्या डब्यात चार चिंचोके टाकून हलवावेत तसा खुळखुळू लागला. शंतनू आता त्रेपन्न वर्षांचा, विमा कचेरीत वरच्या हुद्द्यावर, शर्ट फिके. ऑर्केस्ट्रा महिन्यातून एकदा, तोही कुणाच्या साठीशांतीला. पण ॲम्प तोच होता. बावीस किलोंचं ते धूड टॅक्सीत घालून तो शनिवारी दुपारी काळाचौकीला आला.

दुकानात स्टुलावर सुभद्राकाकी बसली होती. शंतनूने आधी तिला ओळखलंच नाही, कारण तो आत शिरून एक मिनिट झालं तरी त्याचे कान शाबूत होते.

"ये बाबा," ती म्हणाली. म्हणजे तिचे ओठ हलले. शंतनूला पुढे वाकावं लागलं.

"काकी, आवाजाला काय झालं?"

तिने छातीवर हात ठेवला. काळीज वाढलंय, असं डॉक्टरने सांगितलं होतं. ओरडायचं नाही, चढायचं नाही, दमायचं नाही. चढणं-दमणं तिने आधीच कमी केलं होतं, पण ओरडायचं नाही म्हटल्यावर तिच्यापाशी बोलण्याची दुसरी रीतच उरली नव्हती. जी उरली ती कुजबूज होती, आणि ती कुशाबाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्याच्या कानांची धार गेल्या दोन-तीन वर्षांत आणखी गेली होती. ओठ वाचावेत, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता.

कुशाबाने यावर कारागिराचा इलाज काढला होता. वर खोलीत पलंगाशी एक बटण, खाली दुकानात एक लाल बल्ब. एकदा पेटला तर चहा, दोनदा पेटला तर जेवण, तीनदा पेटला तर वर ये. शंतनूला त्याने तो मोठ्या कौतुकाने दाखवला.

"बघ मास्तर. बोलाची गरजच नाय."

"माका बल्बान नाय बोलाचा," सुभद्राकाकी कुजबुजली.

"काय म्हणता ती?" कुशाबाने विचारलं.

शंतनूने मोठ्याने सांगितलं. कुशाबा हसला. "चहा, जेवाण, वर ये. ह्याच्यापलीकडे ही चाळीस वर्षां काय बोलली, सांग माका!"

मग भांडण झालं. एकाला ऐकू येत नाही आणि दुसरीला ओरडता येत नाही, असं भांडण शंतनूने आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि दुभाषी तोच होता. मुलगा दीपक बदलापूरला राहतो, त्याने दोनदा कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली होती. दोन्ही वेळा कुशाबा गेला नव्हता. कानात मशीन घातलेला माणूस ॲम्प दुरुस्त करतो, हे बघून गिऱ्हाईक काय म्हणेल? त्याचं म्हणणं, दात आहेत तोवर कानांचं काम अडत नाही.

"ह्यांका सांग," ती शंतनूला म्हणाली, "माका जोरान बोलूक होणा नाय, आणि किती दिवस आसत ता म्हायत नाय. माका ह्यांच्याशी बोलाचा आसा."

शंतनूने यातलं अर्धंच मोठ्याने सांगितलं. दिवसांचं गाळलं.

कुशाबाने चड्डीला हात पुसले. मग त्याने पाटीकडे बोट दाखवलं. "ठीक आसा. माझो शब्द. ज्या दिवशी माझ्याकडचो एक नग उलटून येतलो, त्या दिवशी कानात मशीन घालतलंय. दोन्ही कानांत. मास्तर, तू साक्षी."

सुभद्राकाकीने मान हलवली. तिला हे पुरेसं होतं. एवढी यंत्रं येतात, एक तरी उलटेल.

पुढच्या शनिवारी शंतनू ॲम्प घ्यायला गेला. कुशाबाने डबा काढून, झाडून, खालचे स्क्रू आवळून, सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून चारी कोपऱ्यांखाली बसवले होते. डबा खुळखुळण्याचं नेहमीचं कारण तेच असतं, आणि काम इतकं नीटस होतं की ते झाकायला जिवावर यावं. कुशाबाच्या घरची रीत अशी, की वस्तू न्यायच्या आधी गिऱ्हाइकाने ती स्वतःच्या हाताने वाजवायची. कुशाबाने स्क्रूड्रायव्हर दातांत धरला, टोक पत्र्यावर टेकवलं, डोळे मिटले. शंतनूने जाड तार छेडली.

डबा खुळखुळला. पहिल्यासारखाच.

कुशाबाच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं. तारेचा दणका दातांत पोचला होता. ती बारीक खुळखुळ पोचत नव्हती. दहा वर्षांपूर्वी पोचली असती.

"कसो?" त्याने विचारलं.

स्टुलावर सुभद्राकाकी बसली होती. तिचे कान चांगले होते. तिने खुळखुळ ऐकली होती, आणि आता ती शंतनूकडे पाहत होती. लॉटरीचा शेवटचा आकडा उरलेल्या माणसासारखी पुढे झुकून.

शंतनूच्या मनात त्या एका क्षणात काय काय येऊन गेलं, हे त्याने नंतर मनवाला, म्हणजे आपल्या बायकोला, तासभर समजावून सांगितलं. छत्तीस वर्षं. ती पाटी. बहात्तर वर्षांचा माणूस, आणि त्याला सांगायचं की बाबा, तुझे दातही गेले. आणि हे सांगायला जगात मीच उरलोय का? एवढी गिऱ्हाइकं आहेत, कुणीतरी सांगेलच. बेंजोवाले आहेत, ते तर कुणाला काहीही सांगतात.

त्याने अंगठा वर केला. "एक नंबर, काका!"

कुशाबाने पाटीला नमस्कार केल्यासारखं केलं. सुभद्राकाकी मागे टेकली.

शंतनू ॲम्प उचलून वाकून बाहेर पडत होता, तेव्हा तिने त्याची बाही धरली. "बाबा, वाजता हा तो. ह्यांका सांग मा."

"तुम्हीच सांगा ना, काकी."

"माझा कोण आयकता? गिऱ्हाइकान सांगूक होया."

"पुढच्या वेळी," शंतनू म्हणाला. "नक्की."

तिने बाही सोडली.

ॲम्प खुळखुळत होताच. सोमवारी शंतनू लॅमिंग्टन रोडला हितेंद्रकडे गेला. तिसऱ्या गाळ्यात बसणारा हा चाळिशीतला कारागीर, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून बसतो. त्याने डबा उघडला, ट्यूबचे तुकडे पाहिले आणि भिंग वर केलं.

"कुशाबाकाकाकडून आला ना?"

"तुला कसं कळलं?"

"एवढा साफ काम दुसरा कोण करतो? बघा, आतमधला पत्रा चार छोट्या स्प्रिंगांवर लटकतो. एकाचा हूक सुटलाय, म्हणून तो डब्याला घासतो. काकाने बाहेरचा सगळा परफेक्ट केला." त्याने चिमट्याने हूक अडकवला. सात मिनिटांचं काम. "ह्या महिन्यातला सहावा आहे तुमचा."

"सहावा काय?"

"अरे, काकाकडून येतात सगळे इकडे. भजनवाले, बेंजोवाले, सगळे. तिकडे थँक्यू बोलतात, इकडे येऊन खोलतात. मी पण काकाचेच ट्यूबचे तुकडे परत लावून देतो, म्हणजे कधी खोलला तर काकाला वाईट नाय वाटणार." तो थांबला. "दोन वर्षं चाललंय."

शंतनू डोक्याला हात लावून गाळ्याच्या पायरीवर बसला. आख्खं गिरणगाव, एकमेकांना न सांगता, एका म्हाताऱ्याची पाटी उचलून धरून उभं होतं, आणि त्या पाटीखाली एक बाई वाट बघत बसली होती.

"तू का नाही सांगत?" त्याने विचारलं.

"मी? मी धंद्यातला माणूस. मी बोललो तर काका बोलणार, पोराला माझे गिऱ्हाईक पाहिजेत. तुम्ही सांगा."

घरी मनवाने सगळं ऐकून घेतलं. ती वकिलाच्या कचेरीत काम करते, त्यामुळे तिला दया लवकर येत नाही, पण आली की ती कलमवार येते. "तू दयाळू नाहीस, शंतनू. तू भिडस्त आहेस. उद्या जा आणि सांग."

उद्या कसं जाणार? गणपती तीन आठवड्यांवर आलेले. कुशाबाच्या दुकानात बेंजोचे ॲम्प छतापर्यंत रचलेले. ऐन हंगामात कारागिराचं मन मोडायचं? मंडळांचं काय होईल? शंतनूने बेंजो पार्टीच्या शिवाला फोन लावला.

"शिवा, तुझा ॲम्प काकांनी केला तो नीट झाला का?"

"झाला ना. म्हणजे, हितेंद्रने केला."

"मग सांग ना काकांना जाऊन."

"मी? शंतनूभाई, माझ्या बारशाला त्यांचा लाउडस्पीकर होता! तू शिकलेला माणूस आहेस, तू बोल व्यवस्थित."

"विसर्जन होऊ दे," शंतनू म्हणाला.

"हां, विसर्जन होऊ दे," शिवा म्हणाला.

विसर्जन झालं. मग पितृपक्ष लागला. असलं बोलणं पितृपक्षात कुठे काढायचं? मग नवरात्र, पुन्हा हंगाम. मग दिवाळी, आणि दिवाळीच्या तोंडावर तर वाईट बातमी देऊच नये. आपल्या पंचांगाचा मोठेपणा असा, की अवघड काम पुढे ढकलायचं म्हटलं तर त्यात एकही दिवस मोकळा सापडत नाही. शंतनूने त्या चार महिन्यांत अनेक वेळा काळाचौकीचं नाव काढलं आणि अनेक वेळा टॅक्सी दादरला नेली. फराळाचा डबा मात्र त्याने पाठवला. तो सुभद्राकाकीने रिकामा न पाठवता, नारळाच्या वड्या घालून, दीपकच्या हाती परत पाठवला. बरोबर निरोप होता: 'ॲम्प कसो आसा, विचारलंय म्हणान सांग.'

त्या निरोपाने शंतनू दोन दिवस नीट जेवला नाही. मग एक नवीनच अडचण त्याच्या ध्यानात आली. सांगायला जायचं तर काय घेऊन जायचं? ॲम्प तर आता उत्तम वाजत होता.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तो ॲम्प घेऊन पुन्हा हितेंद्रकडे गेला. "तो हूक काढ," तो म्हणाला. "पुन्हा खुळखुळू दे."

हितेंद्रने भिंग काढून त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. "शंतनूभाई, मी जुळवायचा शिकलो. बिघडवायचा नाय शिकलो."

"काकांसाठी."

हितेंद्रने बराच वेळ चिमटा हातात फिरवला. मग दुसरीकडे बघत त्याने हूक सोडवला, आणि सोडवताना तोंडाने देवाचं नाव घेतलं. जाड तार छेडल्यावर डबा खुळखुळला, तेव्हा त्या दोघांनाही इतका आनंद झाला, की बाजूच्या गाळ्यातला माणूस डोकावून गेला.

शंतनू तिथून थेट काळाचौकीला आला. वाटेत टॅक्सीत त्याने वाक्यं घोकली. 'काका, उलटून आला. तुमचा शब्द आहे. मी साक्षी आहे.' तीनच वाक्यं होती. त्याला वाटलं, एवढ्यासाठी पाच महिने लागले?

दुकान बंद होतं. जिन्याच्या तोंडाशी चपलाच चपला. शंतनू दोन्ही हातांत बावीस किलो घेऊन उभा. वरून कुणीतरी शेजारी खाली आला, त्याने ॲम्पकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "भजनासाठी आणलास? भजान उद्या आसा. वर नेवन ठेव."

शंतनूला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावरही तो ॲम्प खाली ठेवू शकला नाही. कुठे ठेवायचा? तो तसाच धापा टाकत जिना चढला. सुतकाच्या घरी माणूस रिकाम्या हाताने येतो, काही न बोलता बसतो, आणि 'येतो' न म्हणता उठतो. शंतनू दारात उभा होता गिटारचा ॲम्प घेऊन, आणि खोलीतली सगळी माणसं त्याच्याकडे पाहत होती.

दीपकने पुढे होऊन ॲम्प घेतला आणि कोपऱ्यात ठेवला. "मंगळवारी," तो म्हणाला. "दुपारी. मी कामावर होतो."

कुशाबा भिंतीला टेकून चटईवर बसला होता. अंगात पूर्ण बाह्यांचा धुतलेला सदरा. त्याला अशा सदऱ्यात शंतनूने कधी पाहिलंच नव्हतं. शंतनू त्याच्यासमोर बसला. कुशाबाने आपणहून बोलायला सुरुवात केली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, मोठ्याने.

"मी हयसरच होतंय मास्तर. बाजूक. तीनदा बल्ब लागलो, वर इलंय. ती पडान होती. माझो हात धरल्यान आणि बोलाक लागली."

कुणीतरी चहाचा कप शंतनूच्या पुढे ठेवला. त्याने घेतला नाही.

"लांब बोलली," कुशाबा म्हणाला. "दोन-चार शब्द नाय. दहा मिण्टां बोलली असात. तोंडाकडे बघलंय, पण माका काय गावला नाय. माका वाटला पाणी मागता. पाणी दिलंय. ती हसली आणि परत बोलाक लागली. मगे मी मान हलवलंय. हो म्हटलंय. ती काय बोलता, ता ठाऊक नसताना मी हो हो म्हणत रवलंय." त्याने खोलीतल्या माणसांकडे पाहिलं. "कोण नव्हता दुसरा. आता विचारू कोणाक?"

दीपक खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मग कुशाबाची नजर कोपऱ्यात गेली. मोतीबिंदूच्या धुरकट डोळ्यांनाही तो ॲम्प ओळखू आला. तीस वर्षं त्याच्या हाताखालून गेलेली वस्तू होती ती.

"हो कित्याक आणलंस?"

खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, भजनासाठी. शंतनूलाही तसं म्हणता आलं असतं. भजनासाठी म्हटलं असतं, तर कुणीच काही विचारलं नसतं. तो पुढे सरकला, कुशाबाच्या डोळ्यांसमोर तोंड नेलं आणि मोठ्याने, सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "खडखडतो, काका. उलटून आलाय."

कुशाबा त्याच्या ओठांकडे पाहत राहिला.

"कधीपासून?"

इथे शंतनूला खोटं बोलायची आणखी एक संधी होती. कालपासून, म्हणता आलं असतं.

"जुलैपासून," तो म्हणाला.

कुशाबाचे ओठ हलले. तो महिने मोजत होता. जुलय, ऑगस्ट, सप्टेंबर. डिसेंबरपर्यंत पोचल्यावर तो थांबला. शंतनूला वाटलं आता तो ओरडेल, निदान आपल्याला उठायला तरी सांगेल. कुशाबाने मांडीवरचा हात उचलून पुन्हा मांडीवर ठेवला.

"तिका ठाऊक होता?" त्याने विचारलं.

शंतनूने होकाराची मान हलवली.

"हां," कुशाबा म्हणाला. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "हां."

शंतनू उठला. 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून तो म्हणाला नाही. ॲम्प तिथेच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी भजनी मंडळाच्या पेटीचा माइक त्याला जोडला गेला असं नंतर कळलं.

जानेवारीत दीपकने बापाला ठाण्याला नेऊन दोन्ही कानांची तपासणी करून घेतली. कुशाबाने कुरकुर केली नाही. डॉक्टर म्हणाले, कान अजून बऱ्यापैकी शाबूत आहेत, मशीन लावलं की बंद खोलीत समोरचा माणूस हळू बोलला तरी ऐकू यायला हरकत नाही. फेब्रुवारीपासून कुशाबा बदलापूरला दीपककडे राहतो. दोन्ही कानांतली मशीनं चांगली चालतात. दर पंधरा दिवसांनी सेल बदलावे लागतात.